अलीडाचं पाणी जातं कुठे?

सोमवार, ४ नोव्हेंबर

पाणी पुन्हा कमी!

शुक्रवारी मी स्वतः इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. आज सकाळी झाकण काढून बोट घातलं, तर पाणी लागेचना. तीन लिटर तरी गेलंय. पण कुठे? इंजिनाखालचा पत्रा ठणठणीत कोरडा. नळ्या फडक्याने पुसत पुसत गेले, एकही ओली नाही. पंपाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, त्यावर साधा डाग नाही. तीन लिटर पाण्याला काही पाय फुटले नाहीत!

लुबर्टला सांगितलं. म्हणे, "हवा अडकली असेल गं आत. ती निघून गेली की पातळी खाली जाते."

हवा म्हणे! एकतीस वर्षं या नवऱ्याबरोबर कालव्यांतल्या याच एका मालवाहू जहाजावर, या अलीडावर, राहतेय. हवा कधी अडकते आणि थाप कधी मारली जाते, एवढं कळतं मला. पण भांडले नाही. टाकी पुन्हा भरली आणि पाणी जिथवर आलं तिथे खडूने रेघ मारून ठेवली.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रेघेच्या खाली चार बोटं. आणि काल झ्वार्टस्लौसच्या धक्क्यापर्यंत आम्ही आलो ते फक्त पाच तास!

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज ऑइलची काठी बाहेर काढली आणि नुसती न पुसता खिडकीच्या उजेडात धरली. एरवी ऑइल काळंभोर असतं. आज कॉफीत दूध घातल्यासारखं.

म्हणजे पाणी बाहेर गळत नाहीये. आत जातंय. ऑइलमध्ये.

लुबर्टला काठी दाखवली. त्याने ती हातात घेतली, हुंगली, दोन बोटांत ऑइल चोळून पाहिलं आणि म्हणाला, "उद्या बघू." मग पावावर चॉकलेटचा चुरा पसरून खात बसला. बासष्ट वर्षांचा घोडा झाला, तरी संकट आलं की याला तो चुराच लागतो. मला हसू पण आलं आणि रडू पण.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सासऱ्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एक युक्ती शिकवली होती. पाणी ऑइलपेक्षा जड. इंजिन बारा तास शांत ठेवायचं, मग तळाच्या हातपंपाने उपसायचं. पाणी असेल तर आधी तेच येतं. तेव्हा मी चोवीस वर्षांची, मेप्पेलच्या बेकरीवाल्याची मुलगी, नखांत पीठ जायचं त्याच्या जागी ग्रीस गेलं म्हणून रडवेली! म्हातारा हसत म्हणाला होता, "पोरी, पीठ मळता येतं तिला इंजिन काय अवघड?"

तर आज पंप मारला. दुसऱ्या झटक्याला पाणी. स्वच्छ, हिरवट, कूलंटचं पाणी. एक कप भरला. मग दुधाळ ऑइल, बाकीचं पाणी त्यातच मिसळलेलं.

"कपभरच तर आहे," मी म्हटलं.

"हो," लुबर्ट म्हणाला. मग एकदम, "हेडची गॅस्केट असेल तर बदलू. पण ब्लॉकलाच तडा असेल, हिल्के, तर संपलं. अलीडा भंगारात. आपण किनाऱ्यावर."

खरं आहे ते. जुनं इंजिन चालतं आहे तोवर चालवा, कुणी अडवत नाही. नवं बसवायचं म्हटलं की धुराच्या नव्या नियमांचं बसवा. ते अलीडाच्या पोटात मावत नाही, आणि आमच्या ऐपतीत तर त्याहून नाही. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य लोखंडी धड; ते गेलं की जहाज गेलं. एवढं सरळ आहे.

हे इंजिन माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठं. सहा सिलिंडर, माझ्या खांद्याएवढं उंच. त्याची धडधड थांबली की मला जाग येते. लेकीच्या घरी राहायला गेले की पहिली रात्र टक्क जागी असते मी, इतकी शांतता! तिथे कायमचं राहायचं?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

सासऱ्यांचा फोन. वय शहाऐंशी, मुक्काम धक्क्यासमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि हातात दुर्बीण! झ्वार्टस्लौसला थांबलो की आमच्या चहात साखर किती तेही त्यांना कळतं.

"काल दुपारी दोनला बादली घेऊन डेकवर आलीस. काय उपसलंस?"

"भांडी घासली, बाबा. त्याचं पाणी."

"हो का? ग्रीसचे हातमोजे घालून भांडी घासतेस?"

मी म्हटलं, बाबा, दुर्बीण खाली ठेवा, दूध उतू जाईल. म्हणाले, "तू मला बनवतेस. काही हरकत नाही. जानेवारीत येतोच आहे."

जानेवारीत येतात ते रंगवायला. बेरेन्डबाबांचा रंगाचा आठवडा. जहाजावरचे सगळेच लोक हिवाळ्यात रंगाचा डबा उघडतात, पण यांचं काही औरच. छप्पन्न वर्षांपूर्वी हे इंजिन नवं आणलं तेव्हापासून दर जानेवारीत त्याला घासून, पुसून, हिरवा रंग. खालपासून वरपर्यंत. जहाजाला बायकोचं नाव दिलं आणि इंजिनाला स्वतःचे हात. अलीडाबाई म्हणायच्या, "मला एवढ्या प्रेमाने कधी साबण लावला नाही याने!" बाई गेल्या त्या वर्षी मात्र त्यांनी इंजिन निळं रंगवलं. का ते कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा हिरवं.

त्यांना आत्ता काही सांगायचं नाही, असं ठरलं. तडा म्हटलं तर म्हातारा हाय खाईल.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सीत्से आला होता. मोटार गॅरेजातून जहाजांच्या इंजिनांकडे वळलेला मेकॅनिक. पोट एवढं की आमच्या शिडीवरून उतरताना आधी पोट उतरतं, मग सीत्से. खिशात कायम खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या. एक स्वतःला, एक मला, "आणि एक पेशंटला," म्हणत इंजिनावर ठेवली.

त्याने टाकीच्या तोंडाला हातपंप आणि दाब दाखवणारं घड्याळ लावलं. थंड इंजिनात हवेचा दाब भरायचा आणि काटा खाली येतो का बघायचं. आला. हळूहळू, पण आला. मग ब्लॉकच्या बाजूची लोखंडी दारं उघडली, आत क्रँक दिसतो तिथली. कुणीतरी आत डोकं घालून, आरसा धरून, वर सिलिंडरच्या खालच्या कडा तपासायच्या. सीत्सेचं पोट दारात मावेना. लुबर्टने आरसा माझ्या हातात दिला. "तू बघ. तू बारीक आहेस."

बारीक! बावीस वर्षांनी ऐकलं हे. लगेच आत घुसले.

एक नंबर, कोरडा. दोन, कोरडा. तीन, कोरडा. चार नंबरच्या लायनरखाली, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीखाली, एक थेंब. लोंबला, फुगला, पडला. मागोमाग दुसरा. मी म्हटलं, "चार!" माझाच आवाज त्या लोखंडात घुमला.

बाहेर आले तर सीत्से फोनच्या कॅमेऱ्याने ब्लॉकची मागची बाजू बघत होता. तिथे त्याला जाताच येत नाही ना. मग त्याने समजावलं. लायनरला खाली दोन रबरी कड्या असतात, एक पाण्याच्या बाजूची, एक ऑइलच्या. दोन्हींच्या मधून ब्लॉकच्या बाहेर एक बारीक भोक. वरची कडी फाटली की पाणी त्या भोकातून बाहेर ठिबकतं, म्हणजे मालकाला कळतं. "त्यासाठीच ठेवलेलं असतं ते. पण वहिनी, तुमचं बाहेरून कोरडं खडखडीत आहे. पाणी भोकाशी न येता आत पडतंय, म्हणजे कड्या नाहीत. ब्लॉकच चिरलाय."

लुबर्ट शिडीशी उभा होता. टॉर्च हातात तशीच चालू.

सीत्से जाताना पैसे घेईना. तेव्हा मला कळलं की खरंच संपलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

लुबर्टने भंगारवाल्या दलालाला फोन केला. डेकवर जाऊन, दार लावून. येत्या सोमवारी बघायला येणार.

बुधवार, १३ नोव्हेंबर

आज मी वाईट वागले. लुबर्टने विचारलं, किनाऱ्यावर घर घेताना बाग हवी का तुला? मी ताटली आपटली. "बाग हवी होती तेव्हा मी चोवीस वर्षांची होते! आता मला बाग नको, मला माझं स्वयंपाकघर हवंय, ज्याच्या खिडकीतून रोज वेगळी गाय दिसते!"

तो हसला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सवय होईल गं."

मला राग कसला येतो, सांगू? हा इतका शांत आहे! सहाव्या वर्षापासून या जहाजावर वाढला. आईच्या नावाचं जहाज. ते सोमवारी कापायला द्यायचंय, आणि हा रात्री घोरतो. मी कूस बदलत राहते आणि शेजारी हा लहान बाळासारखा! एकदा वाटलं, याला उठवून विचारावं, तुला काहीच वाटत नाही का रे? मग वाटलं, पुरुषाचं दुःख असंच असतं. आत. झोपू दे बिचाऱ्याला.

सकाळी त्याला अंडी करून दिली. दोन्ही बाजूंनी भाजलेली, त्याला आवडतात तशी.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

देवा!! कुठून सुरुवात करू!

सकाळी कपाट आवरत होते. दलाल येणार, तर कागदपत्रं एका जागी हवीत ना. त्यात इंजिनाचं जुनं पुस्तक निघालं, १९६३ सालचं, ऑइलच्या अंगठ्यांनी भरलेलं. सहज चाळत बसले. खरं म्हणजे निरोप घेत बसले होते. एका पानावर ब्लॉकचं चित्र, बाजूने. खाली ओळीत सहा बारीक टिंबं. प्रत्येक लायनरला एक. सीत्से म्हणाला होता तीच भोकं.

सहा. मी त्या इंजिनाला एकतीस वर्षं पुसतेय. एकही भोक मला माहीत नाही!

टॉर्च घेतली, खाली गेले. मागच्या बाजूला, जिथे सीत्सेचं पोट जात नाही तिथे आडवी होऊन सरकले. पुस्तकातलं माप घेऊन हात फिरवला. गुळगुळीत. हिरवा रंग, काचेसारखा. कागदावर सहा भोकं आणि इंजिनावर एकही नाही! सीत्सेला कोरडं दिसलं म्हणजे काय, त्याला नुसता रंग दिसला!

वर पळाले. मोजे विणायची जाड सुई आणली. चार नंबरच्या जागी रंग खरवडायला लागले. नखाएवढा पोपडा उडाला. खाली पुन्हा हिरवा. सुई टोचत राहिले. कडेच्या रंगाचे थर दिसायला लागले, हिरवा, हिरवा, मध्येच एक बारीक निळी रेघ. ती दिसली तेव्हा मी क्षणभर थांबले. अलीडाबाईंचं वर्ष. मग मधोमध काहीतरी मऊ लागलं, भुसा की लाकूड कोण जाणे. ते उकरून काढलं. सुई एकदम आत गेली.

आणि पाणी! पिचकारीच! थेट माझ्या तोंडावर! गोडसर, घाणेरडं, हिरवं पाणी. मी तिथे आडवी पडून खदाखदा हसत होते. तोंडात कूलंट गेलं, थुंकले, पुन्हा हसले.

तडा नाही! कड्याच फाटल्यात. पाण्याला बाहेरचं दार बंद मिळालं, म्हणून ते खालची कडी फोडून आत शिरलं. भोक रंगाने बुजलं होतं, एवढंच! बेरेन्डबाबांनी लाड करून करून इंजिनाचं तोंडच बंद केलं!

"लुबर्ट!" ओरडले. "लुबर्ट, ये इकडे! ब्लॉक चांगला आहे!"

तो शिडीवरून खाली आला. मी ओली, तोंड हिरवं. त्याला सुई दाखवली, भोक दाखवलं. त्याने भोकावर बोट फिरवलं. मग खाली बसला, माझं डोकं छातीशी धरलं. शांत होता म्हणून त्याला बोल लावला मी! आत केवढं साठवलं होतं याने.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सीत्से आला, भोक बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर फाडकन चापट मारून घेतली. "वहिनी, मला गोळ्या नको, थोबाडीत द्या." उरलेली पाचही भोकं मी उकरली. पाचांतही तसंच मऊ काहीतरी. फुंकून मोकळी केली.

दलालाला फोन मी केला. म्हटलं, येऊ नका. तो म्हणाला, बाई, विचार करून सांगा. मी म्हटलं, विचारच करून सांगतेय.

बाबांना मात्र सांगायचं नाही. ज्या म्हाताऱ्याने प्रेमाने रंगवलं त्याला म्हणायचं का, तुमच्या रंगाने जहाज भंगारात जाणार होतं? लुबर्ट तर फारच आग्रहाने म्हणाला, "बाबांपाशी एक शब्द नको. शपथ घे." घेतली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

तीन दिवस हाडं खिळखिळी. हेड उतरवलं, चार नंबरचा लायनर ओढून काढला. वरची कडी बोटाने दाबली तर बिस्किटासारखी मोडली. मग एक केली तशी सहाही केली, सीत्से ऐकेना. नव्या कड्यांना साबणाचा फेस लावून लायनर खाली बसवायचे, सरळ, तिळभर तिरपं नाही. सीत्सेने गोळी चघळणं बंद केलं तेव्हा मला समजलं की हे नाजूक काम आहे.

जुनं ऑइल सगळं उपसलं, नवं घातलं. मग दाबाची परीक्षा. काटा एके ठिकाणी. दहा मिनिटं. वीस. एक तास! मी आरसा घेऊन आत. एक ते सहा, कोरडे. बाहेरची सहाही भोकं कोरडी, आणि या वेळी उघडी.

इंजिन चालू केलं. पहिल्याच झटक्याला घेतलं. लुबर्टने ब्लॉकवर तळहात ठेवला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. त्याला ऐकूनच कळतं, कोणता सिलिंडर कसा चाललाय. असला नवरा मला कुठे मिळाला असता? बेकरीत तर नक्कीच नाही.

सोमवारी माल भरायचाय. गुरांचं खाद्य.

शनिवार, २३ नोव्हेंबर

बाबांना जेवायला बोलावलं. वाटाण्याचं दाट सूप, काळा पाव. निमित्त काही नाही, म्हटलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "चल, त्याला भेटू दे." त्याला म्हणजे इंजिनाला. शहाऐंशीव्या वर्षी शिडी उतरले, उलटे, एकेक पायरी, मी खालून पाय धरून. काल मी भोकांच्या कडा बारीक ब्रशने हिरव्या करून ठेवल्या होत्या. वाटलं, कळणार नाही.

चालायची काठी बाजूला ठेवून त्यांनी मागच्या बाजूला टॉर्च मारली. "इथे कुणी उकरलंय?"

लुबर्ट वर कप विसळत होता.

"हिल्के, मी विचारतोय."

झालं, माझ्याच्याने राहवेना. शपथ गेली चुलीत. सांगितलं सगळं. पाणी, ऑइल, तडा, दलाल. "रंगाने बुजली होती, बाबा. पण तुमचा काय दोष? एवढ्या वर्षांचा थरावर थर..."

म्हाताऱ्याने टोपी काढली. मला वाटलं आता रडणार. रडतोय कसला! भडकला!

"माझ्या रंगाने? माझ्या? अगं, पंचावन्न हिवाळे मी रंग लावण्याआधी प्रत्येक भोकात काडेपेटीची काडी खोचतो! रंग अर्धा सुकला की काड्या उपटायच्या. भोकं उघडी! रंगाच्या आधी काडी, हे माझ्या बापाने मला शिकवलं, मी लुबर्टला शिकवलं, नऊ वर्षांचा असताना! बुजली म्हणे!"

मग ते सुईने काढलेलं मऊ काहीतरी! लाकूडच होतं ते.

"पण गेल्या जानेवारीत," बाबा जरा शांत झाले, "माझा गुडघा वाकेना. काड्या मी कशाबशा खोचल्या. खालचा रंग याने लावला. काड्या काढ म्हणून सांगून मी घरी गेलो. लुबर्ट! काढल्या नाहीस?"

शिडीच्या तोंडाशी लुबर्ट. हातात कप. "विसरलो असेन, बाबा."

"विसरला! बासष्ट वर्षांचा ठोंब्या!"

मी पण हात धुऊन घेतले. म्हटलं, बघा, निम्मं जहाज आळसाने बुडवत होता हा, आणि मी तुमच्या माथी मारत होते! खूप हसलो. बाबांना दोन ग्लास जिन पाजली. उद्यापासून दुर्बीण लावून लुबर्टवरच लक्ष ठेवतो म्हणाले. लुबर्टही हसला. जरा उशिरा हसला.

रविवार, २४ नोव्हेंबर

एखादी काडी विसरेल माणूस. सहाच्या सहा? आणि ती ऑइलची काठी त्याने हुंगली, चोळली, पण डोळ्यांनी बघितली कुठे?

सोमवार, २५ नोव्हेंबर

निघण्याआधी विचारलंच. "लुबर्ट, तुला दिसत नाही का रे?"

"कडेचं दिसतं," तो म्हणाला. "समोरचं, मधलं, नाही. गेल्या हिवाळ्यापासून." हिरव्या रंगात हिरव्या झालेल्या काड्या त्याला दिसल्याच नाहीत. ओल्या रंगात चाचपणार कुठे? वाटलं, बाबांनीच काढल्या असतील. आणि सीत्से भोक कोरडं म्हणाला त्याच क्षणी त्याला सगळं कळलं होतं. तरी दलालाला फोन केला! "इंजिनामुळे थांबलो असं सांगता आलं असतं, हिल्के. माझ्यामुळे नाही."

खूप ओरडले मी. मग त्याला धरून खूप रडले. वेडा माणूस. आईचं नाव कापायला देत होता, पण हे मला सांगणं त्याला जमेना!

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. पुढचं पुढे. माझा जहाज चालवायचा परवाना कपाटात होता, तो काढून काचेला लावला. सुकाणूवर मी बसले. तो शेजारी उभा. धक्का सुटला, कालव्याच्या लॉकगेटपाशी, सिग्नलच्या लाल दिव्यासमोर, येऊन थांबलो. आजवर पुढचं जहाज हललं की तो हलायचा, हे त्याने आत्ता सांगितलं. आज पुढे जहाज नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "हिल्के, दिवा हिरवा झाला का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "झाला की सांगते."